लग्नाचा ब्लाउज आजच्याच मापाने शिवून घ्या

लग्न ठरलं की शिंप्याच्या दुकानात एक वाक्य हमखास ऐकू येतं: “दोन इंच कमी धरूनच शिवा, तोवर ही बारीक होणार आहे.” कधी आई म्हणते, कधी वहिनी, बऱ्याचदा नवरी स्वतःच. मास्टरही मान डोलावतो, गिऱ्हाइकाशी वाद कशाला घाला? आणि लग्नाच्या आदल्या आठवड्यात हुक लागत नाहीत म्हणून त्याच दुकानात रडारड होते.

ढिला ब्लाउज आत घ्यायला वीस मिनिटं पुरतात. घट्ट ब्लाउज सैल करायला मात्र आत माया, म्हणजे शिलाईच्या पलीकडे राखलेलं जादा कापड, असावी लागते, आणि कापतानाच माया ठेवली नसेल तर ती नंतर आणणार कुठून? शिवाय रेशीम काही विसरत नाही. पैठणीच्या किंवा कांजीवरमच्या पीसची शिलाई उसवली की सुईची भोकं ओळीने दिसतात. ब्लाउज आत घेतला तर ती जुनी ओळ आतल्या बाजूला दडते. सैल केला तर तीच ओळ बाहेर, बरोबर काखेखाली, सगळ्यांना दिसेल अशी येते. म्हणून शिवायचं ते आजच्या मापाने. पुढे खरंच बारीक झालात तर आत घेता येईल.

आणि बारीक होऊन होऊन किती व्हाल? आठवड्याला साधारण अर्धा किलो हा सोसणारा वेग धरला तर दोन महिन्यांत चार किलो. त्याने घेरात इंच-दोन इंच फरक पडेल, तेवढं कोणताही शिंपी सहज आत घेतो. दोन इंचांच्या पुढे मात्र नुसती बाजूची शिलाई आत घेऊन भागत नाही. टक्सची (छातीला आकार देणाऱ्या शिवलेल्या चुण्यांची) टोकं सरकतात, मुंढा (बाही जोडायचा काखेचा गोल) बिघडतो आणि ब्लाउज उसवून पुन्हा जोडावा लागतो.

माप कसं द्यायचं

टेप आधी तपासा. वर्षानुवर्षं वापरलेली कापडी टेप ताणली जाते. तिचे बारा इंच पोलादी पट्टीशेजारी ठेवून बघा. ताणलेली टेप खऱ्यापेक्षा कमी आकडा दाखवते आणि ब्लाउज घट्ट होतो. घट्ट झाल्यावर दोष कोणाला मिळतो हे सांगायला नकोच.

लग्नाच्या दिवशी जी ब्रा घालणार तीच घालून माप द्या. पाठ मोठी उघडी ठेवून आत कप शिवायचे असतील तर कप लावून टक्स पॉइंट, म्हणजे टक्सचं टोक जिथे येतं ती छातीची सगळ्यात पुढची जागा, पुन्हा मोजा. ब्रा आणि कप यांत तो अर्धा-पाऊण इंच वरखाली होतो, आणि टक्सचं टोक चुकलं की चांगला बसलेला ब्लाउजसुद्धा बेंगरूळ दिसतो. पाळीच्या आधीच्या आठवड्यात छाती भरलेली आणि पोट फुगलेलं असतं, त्या दिवसांत माप देऊ नका. लग्नाची तारीखच त्या दिवसांत येत असेल तर घेरात अर्धा इंच जास्त धरायला सांगा.

टेप अंगाभोवती आली की बायका आपोआप श्वास रोखतात आणि पोट आत ओढतात. ‘असं करू नका’ म्हणून काही उपयोग नसतो. उपाय सोपा आहे, माप चालू असताना बोलत राहा. साडी कुठून घेतली, हॉल कुठला, काहीही. बोलताना श्वास रोखून धरता येत नाही. माप घेणाऱ्या बाईनेही टेप पुरेशी सैल ठेवावी. टेपखालून दोन बोटं सहज सरकली पाहिजेत.

दुसरी अडचण आवाजाची. अनेक दुकानांत मास्टर आकडे मोठ्याने सांगतो आणि मदतनीस वहीत लिहितो: “छाती बेचाळीस, कंबर अडतीस, दंड साडेचौदा.” बाकावर चार अनोळखी माणसं बसलेली असतात. नवरी आक्रसते, आणि आक्रसलेल्या अंगाचं मापही आक्रसलेलं येतं. आधीच सांगून ठेवा की आकडे मी लिहीन, तुम्ही नुसती टेप दाखवा. चांगला कारागीर याला हरकत घेत नाही.

घ्यायची मापं अशी: उंची, खांदा, वरची छाती, पूर्ण छाती, छातीखालचा घेर, ब्लाउज जिथे संपतो तिथला घेर, खांद्यापासून टक्स पॉइंट, दोन टक्स पॉइंटमधलं अंतर, मुंढ्याचा घेर, बाहीची उंची, दंडाचा घेर, पुढचा आणि मागचा गळा. यातलं ‘वरची छाती’ हे माप सगळ्यात जास्त वेळा राहून जातं, आणि भरल्या अंगाच्या बाईचा ब्लाउज बिघडतो तो नेमका त्यामुळे. हे माप काखेतून, स्तनांच्या वरून घ्यायचं. नेहमीच्या ड्राफ्टिंगमध्ये (कापण्याआधीच्या आखणीत) पूर्ण छातीच्या मापावरून खांदा, मुंढा आणि गळा काढतात. छाती ४२ असली की खांदाही त्याच हिशेबाने रुंद निघतो. पण छाती भरली म्हणून बाईची हाडं रुंद होत नाहीत. मग खांद्यावरून ब्लाउज उतरतो, पुढचा गळा उघडतो, आणि “तुमची फिगरच अवघड आहे” हे ऐकावं लागतं. वरची आणि पूर्ण छाती यांत दोन इंचांपेक्षा जास्त फरक असेल तर खांदा, गळा आणि मुंढा वरच्या छातीवरून काढायचा आणि वाढीव कापड टक्समध्ये किंवा कटोरीत (छातीवर वेगळ्या जोडलेल्या वाटीसारख्या भागात) द्यायचं. एवढं केलं की “अवघड फिगर” बरीचशी सोपी होते.

दंडाचं माप हात सरळ सोडून न घेता कोपर दुमडून घ्या आणि वर एक ते दीड इंच सैल ठेवायला सांगा. खालचा घेर दोनदा मोजा, एकदा उभं राहून आणि एकदा जेवण झाल्यावर मांडी घालून बसून. लग्नात नवरी तासन्‌तास पाटावर बसलेली असते, आणि बसल्यावर घेर वाढतो तो बारीक बाईचाही. यातलं मोठं माप धरायचं.

मापाला जुना ब्लाउज देणार असाल तर गेल्या महिन्यात घालून, जेवून, दोन-तीन तास बसून आलात असाच द्या. कॉलेजातल्या निरोप समारंभाचा नको.

कापण्याआधी शिंप्याशी ठरवायच्या गोष्टी

पहिली गोष्ट माया. ब्लाउजच्या दोन बाजू, प्रत्येक बाजूला पुढचा आणि मागचा भाग, म्हणजे चार कडा. प्रत्येक कडेला पाव इंच सोडलं की घेर एक इंचाने वाढतो. बाजूला दीड इंच माया ठेवली आणि शेवटचा अर्धा इंच शिलाईसाठी राखला, तरी घेरात चार इंच हाताशी राहतात. पाव-पाव इंचावर आणखी दोन शिलाया मारून घ्या म्हणजे ऐनवेळी एक ओळ उसवली की काम झालं. रेशमावर मात्र या जादा शिलाया नकोत, नुसती माया असू द्या, कारण भोकांची गोष्ट वर आलीच आहे. बाहीच्या खालच्या शिलाईतही तेवढीच माया हवी. हे विसरलं जातं, मग अंग सैल होतं आणि बाही दंडात रुतते.

पैठणीसोबतचा ब्लाउजपीस बहुतेक वेळा ८० सेंटीमीटरचा असतो. छाती ४२च्या पुढे असेल आणि बाही कोपरापर्यंत हवी असेल तर तो पुरेलच असं नाही, आणि कापड कमी पडलं की शिंपी पहिल्यांदा मायाच खातो. त्याला उलट सांगा: माया राहू दे, पाठीचा खालचा तुकडा किंवा हुकपट्टीची आतली बाजू जुळत्या रंगाच्या रेशमाची चालेल. पदर आला की ते कोणाला दिसत नाही. उरलेली कात्रणं मागून घ्या, दोन बोटं रुंद तुकडासुद्धा.

अस्तर सुती असेल तर ते रात्रभर पाण्यात भिजवून, वाळवून, इस्त्री करून मगच कापायला द्या. न भिजवलेलं अस्तर पहिल्या धुण्यात आटतं आणि बाईला वाटतं आपणच सुटलो.

आरीकाम किंवा जरदोसी (मणी-जरीचं भरतकाम) करून घेणार असाल तर इथे जरा थांबा, कारण सगळ्यात महाग चूक इथे होते. हे काम कापड ताणून, ब्लाउजचा आकार आखून, कापण्याच्या आधी केलं जातं. म्हणजे माप लग्नाच्या दोन महिने आधीच पक्कं होतं, नेमकं जेव्हा “अजून दोन महिने आहेत, होईल कमी” असं सगळे म्हणत असतात. त्या भरवशावर लहान आखलं तर मणी आणि जरीच्या पलीकडे कापडच उरत नाही. आखणी आजच्या मापाने करा. बाजूच्या आणि बाहीच्या शिलाईपासून दोन्हीकडे दीड इंच जागा कामाविना मोकळी ठेवायला सांगा, कारण मण्यांवरून मशीनची सुई जात नाही. भरगच्च कामाने कापड किंचित आक्रसतं, म्हणून काम झाल्यावर आखणी पुन्हा मोजून मगच कातर लावायची.

कट कोणता घ्यावा? छातीला आधार हवा असेल तर कटोरी. अंगावर सरळ रेषा हवी असेल तर प्रिन्सेस कट, म्हणजे टक्सऐवजी छातीवरून खालपर्यंत जाणारी उभी शिलाई, पण त्याच्या गोलाईला कातरे मारलेले असल्यामुळे ती शिलाई नंतर सैल होत नाही, सैल करायचं ते बाजूनेच. चार टक्सचा साधा ब्लाउज आजही सगळ्यात जास्त चुका पोटात घालतो. त्याहून उदार होती खणाची चोळी. पुढे गाठ मारायची असल्यामुळे बाळंतपणाआधी आणि नंतर तीच चोळी अंगाला येई, गाठीचं टोक तेवढं लांब-आखूड होई. हुक आले आणि अंगाला आकडा चिकटला.

ट्रायल

लग्नाच्या तीन आठवडे आधी एक ट्रायल आणि आठ-दहा दिवस आधी दुसरी. त्यानंतर काही बदलायचं नाही.

ब्लाउज घालून आरशासमोर नुसतं उभं राहू नका. हार घालतो तसे दोन्ही हात वर करा. वाकून नमस्कार करा. जमिनीवर मांडी घालून पाच मिनिटं बसा. खोल श्वास घ्या. हे करताना कुठे अडलं ते सुरकुत्या सांगतात. टक्स पॉइंटपासून काखेकडे आडव्या रेघा ओढल्या गेल्या किंवा दोन हुकांमध्ये फट पडली, तर छातीला घेर कमी आहे. काखेपाशी कापड गोळा होत असेल तर तिथे ते जास्त आहे. हात वर केल्यावर अख्खा ब्लाउज वर चढत असेल तर मुंढा खोल गेलाय. इथे शिंपी नेहमीची चूक करतात. काखेत रुततंय म्हटलं की मुंढा आणखी खाली कोरतात. त्याने रुतणं थांबतं पण हात उचलला की ब्लाउज पोटावरून वर येतो. खरा उपाय मुंढा वरच ठेवून बाही रुंद करण्यात आहे. काखेत चौकोनी कळी (जोडतुकडा) बसवली तरी चालतं.

तंग होतंय म्हटल्यावर “तोवर होईल की कमी” असं उत्तर आलं, तर हसून म्हणा, “होईन तेव्हा आत घ्यायला येते, आज सैल करून द्या.”

नाडी, शेपर आणि पोट

पोट सपाट दिसावं म्हणून परकराची नाडी करकचून आवळायची सवय घरोघरी आहे. रोज एकाच जागी वर्षानुवर्षं आवळलेल्या नाडीने कमरेवर काळा, खाजरा पट्टा उठतो, तो अनेकींच्या ओळखीचा असेल. क्वचित तिथे न भरणारी जखम होते. २०२४ मध्ये वर्धा आणि बिहारमधल्या डॉक्टरांनी अशा जखमेतून त्वचेचा कर्करोग झालेल्या दोन वयस्क बायकांची नोंद प्रसिद्ध केली. त्यातली एक लुगडं नेसणारी होती. एका दिवसाने असं काही होत नाही, पण बारीक नाडीऐवजी इंच-दीड इंच रुंद पट्टा लावा, गाठ रोज थोडी वेगळ्या जागी घ्या, आणि कमरेवर न भरणारा चट्टा असेल तर त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा.

साडीखाली घालायचा शेपर (पोट-कंबर आवळून धरणारा ताणाचा परकर) हवाच असेल तर आपल्या मापाचा घ्या. एक साइझ लहान घेतलेला शेपर पोट नाहीसं करत नाही, ते वर-खाली ढकलतो. त्यावर शिवलेला ब्लाउजही मग खालच्या कडेला तंग होतो. घरी दोन तास घालून जेवा, मांडी घालून बसा, संडासला जाऊन या. छातीत जळजळ झाली किंवा मांडीच्या बाहेरच्या बाजूला मुंग्या आल्या तर तो लग्नात घालायचा नाही. मांडीत मुंग्या येतात त्या तिथली नस आवळल्यामुळे.

दोन महिन्यांचं डाएट

नवऱ्यामुलीच्या हातात १,००० ते १,२०० कॅलरीचा तक्ता सर्रास दिला जातो. १९४४-४५ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात ३६ धडधाकट तरुणांना सहा महिने दिवसाला सुमारे १,६०० कॅलरींवर ठेवून उपासमारीचा अभ्यास केला गेला. त्यांना थंडी वाजू लागली, केस गळू लागले, माणसं चिडखोर आणि उदास झाली, दिवसभर जेवणाचेच विचार करू लागली, पाककृती जमवू लागली. पुरुषांची गरज जास्त असते आणि त्यांना भरपूर चालायला लावत, त्यामुळे आकडा आकड्याला लावता येणार नाही. तरी लग्नघरातली नवरीची चिडचिड आणि रडू दर वेळी माहेर सुटण्याचंच असतं असं नाही, पुष्कळदा ते भुकेचं असतं.

झपाट्याने वजन उतरवलं की केस गळायला लागतात ते दोन-तीन महिन्यांनी. डाएट दोन-तीन महिने आधी सुरू केलं असेल तर हे बरोबर लग्नाच्या सुमारास येतं. पित्ताशयात खडे होण्याची शक्यता वाढते, पाळी लांबते. त्यात राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१च्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय आढळला होता. म्हणून डाएटच्या तक्त्याआधी हिमोग्लोबिन तपासा. १२च्या खाली असेल तर आधी ते सुधारू द्या. तीन महिने पाळी न येणं, उभं राहिल्यावर चक्कर, जेवल्यावर मुद्दाम उलटी काढणं, कोणासमोर खायला टाळणं, यातलं काही दिसलं तर डॉक्टरांकडे जा. मनाचा भाग असेल तर सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर मोफत आहे.

लोकांची तोंडं

सल्ले थांबत नाहीत, पण त्यांना तारीख लावता येते. “जरा कमी कर गं, फोटोत जाड दिसशील” म्हणणाऱ्या आत्याला आरोग्य समजावत बसण्यापेक्षा “आत्या, माप देऊन झालंय, आता मला बदलायची परवानगी नाही” हे वाक्य चांगलं चालतं. ते मोडून काढायला तिच्याकडे काही नसतं. आईने हेच वाक्य नवरीच्या आधी म्हटलं तर उत्तमच. सासरहून निरोप आला तर उत्तर मुलाने द्यायचं, मुलीने नाही. बायोडेटात उंची लिहितात ती लिहा, वजनाची ओळ काढून टाका, ती नसल्याने काही अडत नाही.

फोटोग्राफरशी करार करतानाच सांगून ठेवा की अल्बममध्ये दंड, कंबर, हनुवटी ‘दुरुस्त’ करायची नाही. अनेकजण न विचारता करतात. त्यात मागचा खांब वाकलेला दिसतो तेव्हा कळतं.

ऐनवेळी हुक लागलाच नाही तर

कार्यालयाच्या पेटीत सुई, ब्लाउजच्या रंगाचा दोरा, पाच-सहा जादा हुक, लहान कातर, सेफ्टी पिना आणि ती जपून ठेवलेली कात्रणं असू द्या. अर्धा-एक इंच कमी पडत असेल तर मायेतली एक शिलाई उसवायला दहा मिनिटं लागतात. मशीन नसेल तर हाताने बारीक मागची टीप घाला. रेशमावर भोकं दिसली तर ओळीवर बोटाच्या नखाने आडवं-उभं हलकेच घासा, वीण थोडी जुळून येते. माया संपली असेल तर पाठीच्या मधोमध किंवा बाजूला कात्रणाची दोन बोटं रुंद पट्टी बसवा, डाव्या बाजूची पदराखाली जाते. पाठीला हुक असतील तर ते काढून दोन्ही कडांना दोऱ्याचे फासे करा आणि त्यातून गोंडा लावलेली दोरी ओवा. दोन-तीन इंच सहज मिळतात, मधल्या फटीमागे अस्तराचा तुकडा टाचायला विसरू नका.